नुसती चौकट, दार नको

तुम्ही हसणार हे धरूनच सांगतो, म्हणजे मधे थांबायला नको. चहा घ्या तुम्ही, निवतोय. तर या गफलतीत खोटं कुणी बोललं नाही, वाईट कुणी वागलं नाही, आणि तरी आठवडा संपायच्या आत माझं घर, माझं रान आणि माझी बायको, तिन्ही माझ्यापासून वेगळी निघाली होती. कशी, ते मलाच शेवटपर्यंत कळलं नाही.

मी फौजेतनं हवालदार म्हणून रिटायर झालो, गावाच्या तोंडी मेजर, आणि आष्ट्याजवळच्या आमच्या गावी येऊन राहिलो. ऊस, म्हशी, पाण्याची पाळी, सगळं थोरला भाऊ बघतो. आम्ही त्याला दादा म्हणतो. मी रानात गेलो की दादा म्हणणार, "तू बस रं बांधावर, दमला असशील." आता बसून बसून माणूस किती दमतो, हे त्याला कोण सांगणार? घरात वहिनींना मदत करायला गेलो, तर त्यांनी हातातली विळी काढून घेतली.

मग बायकोला घेऊन साताऱ्याला लेकीकडे गेलो. आमची रोहिणी एका पाटीएवढ्या लाकडी चौकटीवर विणत बसली होती. वरच्या आणि खालच्या पट्टीला खिळे, त्यांत उभे दोरे ताणलेले, आणि आडवा धागा एकदा वरनं, एकदा खालनं घालत जायचा. म्हणाली, "बाबा, बघा बसून." मी बसलो तो जेवायला हाका मारेपर्यंत उठलो नाही. डोक्यात कसला म्हणून विचार नाही. तेव्हाच ठरवलं, गावी जाऊन आपली चौकट करायची, जरा मोठी. सुमन, म्हणजे आमची मंडळी, लेकीकडेच राहिली. मी एकटा परत आलो.

आणि इथं माती खाल्ली. घरात कुणाला सांगितलंच नाही. हवालदार माणूस विणत बसलाय हे कळल्यावर तालमीपुढची पोरं काय म्हणतील? म्हटलं, आधी एक नग चांगला होऊ दे, मग दाखवू.

पहिला गेलो महादूमामा सुतारांकडे.

"मामा, एक चौकट पायजे."

"करू की. लाकूड?"

"चांगलं घ्या. वडलं-ताणलं तर वाकाय नको."

"माप नेहमीचंच?"

मला केवढं बरं वाटलं. या माणसाला विणायची चौकट माहीत आहे, तिचं नेहमीचं मापसुद्धा माहीत आहे. म्हटलं, "व्हय, नेहमीचंच."

"आन दार?"

"दार कशाला? नुसती चौकट."

"दार मागनं करायचं?"

"मागनं बी नको."

मामांनी माझ्याकडे जरा कीव आल्यासारखं बघितलं. मी म्हटलं, "आन वर-खाली खिळं मारा. ओळीनं, बोटबोट अंतरावर."

"तोरणाला एक बास हुतो, मेजर."

"माझं काम एका खिळ्यात भागायचं न्हाई मामा."

दार कशाचं, तोरण कुठलं, मला काही कळलं नाही. पण सुताराच्या धंद्यातले शब्द आपल्याला काय माहीत? सोडून दिलं.

तिथनं आष्ट्याच्या हार्डवेअरच्या दुकानात. दुकानदार दादाचा शाळेतला सोबती. त्याला म्हटलं, "सैल न पडणारी दोरी द्या."

"कशाला पायजे?"

"ताणायची हाय. ह्या टोकापासनं त्या टोकापर्यंत, एकदम सरळ."

त्यानं गवंडी पाया आखायला वापरतात ती पांढरी दोरी काढली. पक्की होती, घेतली. तो हळूच म्हणाला, "दादाला म्हाईत हाय का?"

"त्याला कशाला त्रास? माझं मी बघतोय."

मी दुकानाची पायरी उतरायच्या आत त्याचा फोन कानाला लागलेला. मला वाटलं, गिऱ्हाईक असेल.

आता राहिला आडवा धागा. रोहिणी जुन्या साड्यांच्या पट्ट्या फाडून विणत होती. आमच्याकडे गोधडीसाठी जुन्या साड्यांची अख्खी पेटी भरलेली. वहिनीला म्हटलं, "वहिनी, त्या पेटीतल्या सुमनच्या साड्या तेवढ्या येगळ्या काढून ठेवता का? तुमच्या तुमच्याकडं ऱ्हाऊ द्या. मिसळाय नकोत."

म्हणजे वहिनीच्या साड्या चुकून फाडल्या जाऊ नयेत, एवढंच मनात. वहिनी "बरं" म्हणाल्या आणि आत गेल्या. त्या रात्री मला पाट मांडला, तांब्या भरून ठेवला, पाव्हण्याला वाढावं तसं वाढलं. पण बोलल्या नाहीत. मला वाटलं, डोकं दुखत असेल.

दुसऱ्या दिवशी दादा म्हणाला, "चल, रानात जाऊन येऊ." रस्त्याकडेच्या तुकड्यावर मला नेऊन उभं केलं. आमच्या सगळ्या रानात तोच तुकडा भारी. दादा लांब बघत म्हणाला, "चौकट करतोयस म्हणं."

म्हणजे कळलं याला. मला लाज वाटली आणि सुटल्यासारखंही झालं. म्हटलं, "व्हय. कुणी सांगितलं?"

"कळतंय की. कुटं उभी करणार? हितं कर. मोक्याची जागा हाय."

"हितं उघड्यावर? गोठ्याशेजारची कडब्याची खोली बास हाय मला."

दादा माझ्याकडे बघतच राहिला. "कडब्याच्या खोलीत?"

"खिडकी हाय की. उजेड चांगला येतो."

"आन सुमन?"

"तिला त्याची आवड न्हाई. ती तुमच्यातच घरात. मी आपला एकटाच."

"तिला बोललास?"

"अजून न्हाई. झाल्यावर एकदमच दाखवीन."

दादानं डोक्याचा टॉवेल काढला, तोंड पुसलं. म्हणाला, "आमचं काय चुकलं का रं?"

मला वाटलं, तो मला काम देत नाही त्याबद्दल म्हणतोय. मोठ्या मनानं म्हटलं, "कुणाचीच चूक न्हाई दादा. पण आता मला माझं काहीतरी पायजे."

त्यावर दादा जो चालायला लागला, तो थेट घरापर्यंत.

पुढच्या दिवशी सकाळी मी कडब्याची खोली झाडत होतो, तर दारात सुमन. हातात पिशवी, डोळे सुजलेले. साताऱ्याहून पहिल्या एसटीनं आली होती.

"काय गं, कोण आजारी हाय?"

"मला इचारता व्हय?" ती म्हणाली. "एवढा संसार केला, आन आता म्हशीशेजारी ऱ्हाणार, पर माझ्यासंगं न्हाई. थोरल्या भावजींचा फोन आला तवा कळलं मला."

मी हातात खराटा धरून उभा. एक शब्द कळेल तर शपथ. तेवढ्यात अंगणात टेम्पो लागला आणि मामा उतरले, मागनं दोघांनी चौकट उतरवली. माझ्यापेक्षा उंच. खाली उंबरा. हळदीकुंकू लावलेलं, आंब्याचा डहाळा बांधलेला, आणि मी सांगितलं म्हणून वरच्या पट्टीला आणि उंबऱ्याला ओळीनं खिळे, आत पाऊल टाकणाऱ्याचा तळपाय फाटावा असे.

दादा आणि वहिनी बाहेर आले. मामांनी नारळ पुढे केला. म्हणाले, "येगळं व्हा, पर गोडीनं व्हा."

"मामा," मी म्हटलं, "एवढ्या चौकटीवर मी काय इणू? तंबू?"

"इणू?" दादा म्हणाला.

मग मी मोबाइल काढला. रोहिणीनं पाठवलेला तिच्या विणण्याचा व्हिडिओ लावला. दादानं फोन हात लांब करून धरला आणि पार शेवटपर्यंत बघितला. फोन मला दिला आणि गोठ्यात गेला. तिथं म्हशीचं दावं सोडून परत बांधत बसला, बराच वेळ, आमच्याकडे पाठ करून. वहिनींनी आतनं साड्यांची दोन गाठोडी आणली, माझ्यासमोर टाकली आणि म्हणाल्या, "घ्या, सगळ्याच मिसळून घ्या. आन पुन्यांदा काय मागायचं असलं तर नीट बोलून मागा, भावजी."

चौकट काही परत गेली नाही. मामा म्हणाले, कुंकू लागलेलं लाकूड मी घेत न्हाई. ती आता कडब्याच्या खोलीत भिंतीला टेकून उभी आहे. मी पुढ्यात पोतं टाकून बसतो आणि खालनं वर विणत चाललोय. गुडघ्याएवढं झालंय.

त्या दुपारी सुमन चहा घेऊन तिथं आली. मला फार वाईट वाटत होतं. म्हटलं, "माझ्यापायी साताऱ्यापासनं रडत आलीस गं."

"न्हाई, पेठ नाक्यापर्यंतच," ती म्हणाली.

"आन मग?"

"मग जरा शांतपणानं इचार केला." तिनं खोली या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत नीट न्याहाळली. म्हणाली, "आवं, हितं तुमची खाट बसंल का वो?"