लग्नाच्या साडीची पिशवी

विमानाचा आवाज आम्हाला ऐकू येण्याआधी कुट्टीला ऐकू यायचा. पुदुक्कोट्टै रस्त्याला हवाई दलाचा तळ आहे, तिथून लढाऊ विमानं उडतात, आणि आम्ही तंजावरकर आता मान वर करूनही बघत नाही. पण माडीवर चाललेलं शिलाई मशीन मध्येच गप्प झालं की स्वयंपाकघरात माझा हात थांबायचा. मग गडगडाट यायचा, भांडी थरथरायची, आणि तो विरला तरी मशीन काही सुरू व्हायचं नाही. पहिल्या खेपेला मी वर जाऊन पाहिलं तर पोरगी मशीनच्या टेबलाखाली, गुडघे पोटाशी घेतलेले, तोंड उघडं. तोंड का गं उघडं ठेवलंस, असं मी मूर्खासारखं विचारलं. ती म्हणाली, "मिटलं तर कानाचे पडदे फाटतात, आन्टी."

कुट्टी म्हणजे तमिळमध्ये लहानगी. नाव चांगलं लांबलचक होतं तिचं, पण अंगानं एवढीशी, म्हणून आम्ही कुट्टीच म्हणायचो. मूळची श्रीलंकेतली. तिकडचं युद्ध संपत आलं तेव्हा सात वर्षांची होती. वडील तिथेच गेले, मायलेकी होडीतून इकडे आल्या आणि निर्वासितांच्या कॅम्पात राहिल्या. आई अजून कॅम्पातच होती. कुट्टी इथल्या कॉलेजात फॅशन डिझाइन शिकायला आली आणि आमच्या माडीवर भाड्यानं राहिली. आमचे हे कुरकुरले, पोलीस चौकशीला येतील म्हणाले. मी म्हटलं, येऊ देत, कॉफी पाजीन. म्हटलं खरं, पण फाटकाची कडी वाजली की मीच आधी खिडकीच्या फटीतून बघायची. कुट्टी तर बाहेर तोंडच उघडायची नाही. तिची तमिळ वेगळी, ऐकणाऱ्याला लगेच कळायची. 'हो' म्हणताना तिच्या तोंडून तिकडचं 'ओम्' निघे, की लगेच जीभ चावून आमच्यासारखं 'आमा' म्हणे.

डिझायनरबाई म्हणून मी तिला खूप चिडवलं. तिच्या कपड्यांचे नियमच न्यारे. चेन नाही, पाठीला बटण नाही, जमिनीवर लोळेल असा घेर नाही. आतून मात्र खिसेच खिसे. कपडा अंधारात, पडल्या पडल्या, एका हातानं घालता आला पाहिजे, असं तिचं म्हणणं. भाचीच्या लग्नासाठी मला पाठीला हुक असलेलं ब्लाऊज हवं होतं, सगळ्या बायका घालतात तसं. तिनं साफ नाकारलं. "पाठीचे हुक लावायला दुसरं माणूस लागतं," म्हणाली. "ते माणूस त्या वेळी नसलं तर?" मी म्हटलं, बये, लग्नाला चाललेय मी, लढाईला नाही! तरी ब्लाऊज पुढच्या हुकांचंच शिवून मिळालं, आणि आत डाव्या बाजूला एक चोरखिसा.

आमच्या घरातल्या बोलण्याचं तिला फार नवल. आम्ही नवरा-बायको घरात मराठीच बोलतो, आमची ती जुनी, निम्मी तमिळ मिसळलेली, पुण्याच्या पाहुण्यांना हसू येतं ती. एकदा तिनं विचारलं, तुम्ही लोक इकडे येऊन किती वर्षं झाली, परत कधी जाणार? मी हसून सांगितलं, अगं, साडेतीनशे वर्षं होत आली, आता कुठलं परत! ती हसली नाही. म्हणाली, "एवढ्या वर्षांत तुम्हाला कुणी जा म्हणालं नाही?" मी तिला आणखी एक दोसा वाढला.

शेवटच्या वर्षी कॉलेजच्या शोसाठी प्रत्येकानं स्वतःच्या आयुष्यातून कपडे करायचे होते. बाकीच्या मुली देवळाची शिल्पं, आजीचे दागिने असलं काही घेऊन बसल्या. कुट्टीनं वाळूच्या पिशव्या घेतल्या. युद्धाच्या शेवटी शेवटी तिकडच्या लोकांनी जमिनीत खड्डे खणले आणि त्यांत राहिले. वर, कडेनं वाळूच्या पिशव्या रचायच्या, पण पोती कुठून आणणार? मग बायकांनी आपल्या साड्या कापून पिशव्या शिवल्या. कुट्टीनं जुन्या साड्यांचे तसे चौकोन शिवून त्यांत कापूस भरला आणि एकावर एक रचून जाकिटं केली, झगे केले. रंग असे सुरेख, की हात लावावासा वाटे. लावला की मात्र आत काय असायचं ते आठवून मी हात मागे घ्यायची.

मला वाटलं आपणही हातभार लावावा. माझं लग्नाचं तांबडं रेशमी नऊवारी लुगडं ट्रंकेत पडून होतं, घडीवर विरलेलं, सुनेला नको, कुणालाच नको. ते तिच्यापुढं ठेवलं आणि म्हटलं, घे, काप खुशाल, नऊ वार आहे, तुझ्या पुष्कळ पिशव्या होतील. ती भिंतीपर्यंत मागं सरली. विमानाला घाबरायची त्याहून जास्त घाबरली होती. मी तिला धरून बसवलं तेव्हा तिनं कधी आईलासुद्धा न सांगितलेलं सांगितलं. त्यांच्या खड्ड्याला पिशव्या कमी पडल्या होत्या. आईजवळ एकच साडी उरली होती, लग्नाची, तिकडे तिला कूरै म्हणतात. आई ती कापायला तयार नव्हती. "मी रडले," कुट्टी म्हणाली. "मीच म्हटलं, हिची पण शिव. अम्मानं कापली. दुसऱ्या दिवशी अप्पा पाणी आणायला गेले ते आलेच नाहीत." लग्नाची साडी कापली की नवरा जातो, असं खड्ड्यातल्या एका म्हातारीनं तिच्यासमोर म्हटलं होतं. सात वर्षांच्या पोरीनं ते तेवीस वर्षांची होईपर्यंत पोटात ठेवलं.

आठवड्यानं ती स्वतःच खाली आली आणि लुगडं मागितलं. ही पिशवी केल्याशिवाय बाकीचं सगळं खोटं, आणि शोला अम्माला बोलावणार, तिनं बघितलं पाहिजे, असं म्हणाली. अम्मानं तोंड फिरवलं तर पुन्हा सुई धरणार नाही, हेही म्हणाली. मी लुगड्याला हळदकुंकू लावलं आणि वर पाठवलं. मग माझंच धाबं दणाणलं. माडीवरून कात्रीचा आवाज यायला लागला तशी मी आमच्या ह्यांना व्हरांड्यातल्या खुर्चीत बसवलं आणि उठू दिलं नाही. नेमका त्याच दिवशी पाण्याचा कॅन संपला होता. हे आणायला निघाले तर मी दारात आडवी झाले. शिकलेली बाई मी, पोरं वाढवलेली, पण त्या दिवशी आम्ही नळाचं पाणी उकळून प्यायलो. कारण मी सांगितलं नाही.

शोच्या दिवशी कुट्टीची आई कॅम्पातून परवानगी काढून आली. संध्याकाळच्या हजेरीला परत पोचायचं होतं. वाळकी, लहानखुरी बाई, पिशवी मांडीवर घट्ट धरून माझ्या शेजारी बसली. दिवे मंद झाले तेव्हा तिनं माझं मनगट पकडलं, ते शेवटपर्यंत सोडलं नाही. माझ्या लुगड्याचा कोट शेवटी आला. तांबड्या रेशमाची मोठी पिशवी कुट्टीनं त्याच्या टोपीला, डोक्यामागे बसवली होती. टाळ्या झाल्या. आईनं वाजवल्या नाहीत. कार्यक्रम संपल्यावर कुट्टी तो कोट घेऊन समोर येऊन उभी राहिली.

"अम्मा, तुझी कूरै," ती म्हणाली.

आईनं टोपीवरची पिशवी चाचपली. शिवण बोटानं तपासली. मग विचारलं, ही डोक्याशी का ठेवलीस, तुला कुणी सांगितलं?

"कुणी नाही."

"मी तुझ्या डोक्याशीच ठेवली होती. अप्पा गेले त्याच रात्री गोळा पडला. सकाळी मी वाळू ओतली तर आत लोखंडाचे तुकडे होते. वाळू गरम होती."

"मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर पुन्हा झोपली नसतीस."

कुट्टी म्हणाली, पण साडी कापायला मीच सांगितलं होतं ना, म्हणून तर अप्पा गेले. हे आपण काय ऐकतोय ते आईला आत्ता कुठं कळत होतं.

"अप्पा पाणी आणायला गेले," ती म्हणाली. "तहान सगळ्यांनाच लागली होती, बाळ."

कुट्टी तिथंच जमिनीवर बसली आणि तिनं आईच्या मांडीत डोकं खुपसलं. मला वाटलं, आई आता पाठीवरून हात फिरवील. तिनं तसं केलं नाही. ती पुढं वाकली आणि लेकीच्या डोक्यावर, पाठीवर आपलं सगळं अंग घातलं, कोपर दोन्ही बाजूंना टेकून, वरून काही पडलं तर आधी तिला लागावं असं. माणसं खुर्च्या आवरत होती, दिवे लख्ख लागले होते, तरी ती उठली नाही.