मी ठरवलेला दर

शहापुरात माझा कॉम्प्युटर क्लास आहे. मुरबाडकडच्या एका गावात शिक्षक असलेला माझा मित्र आणि मी, दोघांनी मिळून खेड्यातल्या शाळांसाठी निकालपत्रकं तयार करणारा प्रोग्रॅम लिहिला. तो फुकट दिला आणि त्याचा कोडही उघडा ठेवला. कुणीही घ्यावा, आपल्या शाळेपुरता बदलावा. कुठकुठले अनोळखी शिक्षक चुका कळवायचे, आम्ही दुरुस्त करायचो.

त्याची भातशेती आहे. आवणीला त्यांच्याकडे सावड चालते. आज सगळ्यांनी तुझ्या खाचरात रोपं लावायची, उद्या तू त्यांच्या. पैसे कुणी कुणाला देत नाही. दर वर्षी दोन दिवस मीही जायचो. माझी ओळ वाकडी जायची. त्याची बायको बांधावरून ओरडायची, "भावजी, ही ओळ हाय का कसाऱ्याचा घाट?"

"असू दे गो," तो म्हणायचा. "त्याचा कोड पण असाच असतो. मी सरळ करतो ना."

मग मुंबईच्या एका कंपनीला आमचा प्रोग्रॅम हवासा वाटला. कोड उघडाच राहू दे, तो सांभाळायचे आम्ही दरमहा पैसे देऊ, असं ते म्हणाले. काम करणाऱ्याला पैसे मिळावेत असं मला आजही वाटतं. पण मी त्याला न विचारताच हो म्हटलं. स्वतःच्या नावावर महिन्याची ठरावीक रक्कम घेतली आणि त्याच्यासाठी तासाचा दर ठरवला. त्या वर्षी त्याची बायको आजारी होती. त्याला पैशांची गरज आहे हे मला माहीत होतं. त्याने केलेल्या दुरुस्त्या पाहून मी अंदाजाने तास मोजले, फोनवरून पैसे पाठवले आणि मित्राला मदत केली म्हणून स्वतःवर खूश झालो.

संध्याकाळी त्याचा फोन आला.

"किती तास धरलेस रे माझे?"

मी आकडा सांगितला.

"आन् तुझे?"

"माझं महिन्यावर आहे."

तो हसला. "म्हणजे तू मुकादम."

"अरे, तसं नाही..."

"मी मजुरीला आलतो हे मला ठाव नव्हतं, येवढंच."

दुसऱ्या दिवशी पैसे परत आले. पाठवले त्याहून जास्त होते. सोबत लिहिलं होतं, 'आवणी. सात वर्षं, चौदा दिवस, गावच्या दराने. जेवण कापलं नाय.'

मी मोटारसायकल काढून गेलो. त्याची बायको दारात आली. फार वाळली होती. मला पाणी दिलं आणि म्हणाली, "ते शाळेत गेलेत, भावजी." त्या दिवशी रविवार होता.

पुढे कंपनीला मी नकार कळवला. त्यालाही तसं लिहिलं. उत्तर आलं नाही. यंदा आवणीचा निरोपही आला नाही.

परवा प्रोग्रॅममध्ये एक चूक सापडली, त्याने लिहिलेल्या भागात. इतर शिक्षक कळवतात तशी मीही ती सगळ्यांना दिसणाऱ्या यादीत नोंदवली. दुपारपर्यंत त्याने दुरुस्त केली. अनोळखी माणसांना लिहितो तेच मला लिहिलं, 'कळवल्याबद्दल धन्यवाद. तपासून पाहावे.'

मी तपासलं. बरोबर चालत होतं. तसं मी खाली लिहिलं, आणि त्याने ती नोंद बंद केली.