शुभीच्या मुखवट्याचा साचा

माझ्या चेहऱ्यावर कागद चिकटवायचा निर्णय पूर्ण विचारांती घेतलेला होता. (विचार मी एकट्यानंच केला होता, एवढंच.)

भूकंपानंतरची ती वर्षं. लातूर एकीकडे सावरत होतं आणि दुसरीकडे शिकवणीच्या नादाला लागलं होतं. ज्याच्याकडे एक खोली आणि एक फळा, त्यानं क्लास काढला. मीही काढला. फिजिक्सचा, आमच्याच बैठकीत. धाक मात्र अजून जमिनीचाच होता. गल्लीत घरोघरी भांड्यांची उतरंड रचून ठेवलेली असे. जमीन हलली की भांडी पडणार, भांडी पडली की सगळ्यांनी बाहेर पळायचं. "संकटात डोकं शांत ठेवावं," असं मी वर्गात नेहमी सांगायचो.

तर एका रविवारी सकाळी आमची शुभी, इयत्ता तिसरी, पातेलंभर मैद्याची खळ घेऊन बसली होती. शाळेत चित्रकलेचं प्रदर्शन होतं आणि तिला कागदाचा मुखवटा करून न्यायचा होता.

"बाबा, फुगा फुगवून द्या की. बाई म्हणल्या, फुग्यावर कागदाच्या पट्ट्या चिकटवायच्या, वाळू द्यायच्या, मग फुगा फोडायचा."

"फुगा गोल असतो. माणसाचं तोंड गोल असतं का?"

शुभीनं माझ्याकडं नीट निरखून पाहिलं. "तुमचं हाय."

मी ते कानाआड केलं. "मुखवटा तोंडाचा, तर साचाही तोंडाचाच पाहिजे. माझ्याच चेहऱ्यावर चिकटव. ह्याला म्हणतात शास्त्रीय दृष्टी!"

"आन् मग फोडायचं काय?" शुभीनं विचारलं.

माझी बायको सुमन पिशवी घेऊन बाजाराला निघाली होती. दारातूनच म्हणाली, "अहो, तोंडाला तेल तरी लावून घ्या!"

"लावलंय लावलंय," मी म्हणालो. (लावलं नव्हतं.) उलट खळ पातळ वाटली म्हणून मी तिच्यात सुताराकडचा पांढरा गोंद ओतला. वर्तमानपत्रं रद्दीत गेली होती, म्हणून माझ्या क्लासच्या उरलेल्या जाहिरातींच्याच पट्ट्या फाडल्या आणि चटईवर आडवा झालो. पंखा फुल्ल!

शुभीनं काम मोठ्या मायेनं केलं. डोळे मिटवले, ओठ मिटवले, नाकाची भोकं तेवढी मोकळी सोडली. एक थर वाळला की दुसरा. "बोलू नका. हसू नका. नाक हलवू नका." आयुष्यात इतका शांत मी कधीच पडलो नव्हतो. बहुधा डोळाही लागला.

आणि स्वयंपाकघरात उतरंड कोसळली! घागरी, पातेली, डबे, सगळं एकदम!

"भूकंप! पळा!" बाहेरून कुणीतरी ओरडलं. अख्खी गल्ली रस्त्यावर आली. ते काम मांजराचं होतं हे शुभीनं पाहिलंही होतं, पण ती सांगेपर्यंत मी उठून पळत सुटलो होतो. डोळे बंद! आधी भिंत लागली, मग कपाट, मग एकदाचं दार. फाटकाशी मात्र कशावर तरी आपटलो. ते मऊ होतं.

ते उदगीरचे संगप्पा होते. तिथं त्यांचं धान्याचं आडत दुकान. मुलीला माझा क्लास लावायचा म्हणून ते नेमके त्याच वेळी फाटकाशी पोचले होते.

"अगागा!" अप्पा ओरडले. "ह्या मानसाचं सगळं तोंड फुटलंय की! पट्ट्याच पट्ट्या!"

शेजारच्या रजिया खाला धावत आल्या. "या अल्ला! बिरादार सरच्या अंगावर भिंत पडली!"

"म्म्म! म्म्म!" मी खुलासा केला.

"लई कळा येऊन राहिल्या त्याला," अप्पा म्हणाले. "बोलू नका, सर. पडून ऱ्हावा."

तेवढ्यात शुभी किंचाळत आली. "त्यांच्या तोंडाला हात लावू नका! माझा मुखवटा मोडल!"

खालांनी तिला पोटाशी धरलं. "पोरगी बावचळली हो! धसका घेतला लेकरानं."

"अजून ओला हाय तो!"

"हाव गं माय, हाव."

मला ऑटोत घातलं. डोकं अप्पांच्या मांडीवर. मी सुटकेसाठी हात हलवले, तर अप्पांनी बाहेर डोकं काढून गल्लीला कळवलं, "हात हलवून राहिले! जित्ते हायत!" गल्लीनं हात जोडले.

दवाखान्यात डॉक्टर माझ्या कपाळावर वाकले आणि सावकाश वाचू लागले. "हमखास यश... प्रवेश मर्यादित..." ते थांबले. "ही पट्टी बांधली कुणी?"

"मी!" शुभी म्हणाली. "पाच थर दिलेत."

"सुबक बांधलीय."

मग कोमट पाणी, खोबरेल तेल आणि कात्री. "कापू नका, सबंध काढा!" शुभी बजावत होती आणि डॉक्टर तिचंच ऐकत होते. रुग्ण मी होतो! तासाभरानं मुखवटा अखंड निघाला. त्याच्यासोबत माझी मिशी गेली आणि डावी भुवईही गेली.

गल्लीतून कळल्यावर धावत आलेली सुमन बाजाराच्या पिशवीसकट दवाखान्याच्या दारात उभी होती. "तेल लावलं होतं ना?"

मी उरलेली भुवई चाचपून पाहिली.

अप्पांनी माझं उघडं तोंड बराच वेळ न्याहाळलं. "फिजिक्सचे सर ते खरंच तुमीच का?"

"हो."

"बरं, बरं. घरी जरा इचारतो." आणि चपला घालून निघून गेले.

गेलं एक गिऱ्हाईक, असं मी धरून चाललो. पण आठवड्यानं अप्पा मुलीला घेऊन परत आले. म्हणाले, "मानूस येगळा हाय. पन लेकरासाठी तोंड पनाला लावतो. ऱ्हाऊ द्या हिला हितंच." त्या दिवशी मी तिला न्यूटनचे तिन्ही नियम रुमालाआडून शिकवले.

प्रदर्शनात वाघ होते, माकडं होती, एक हत्तीही होता. पहिलं बक्षीस मात्र शुभीच्या मुखवट्याला मिळालं. सगळ्या पालकांसमोर तिच्या बाईंनी मुखवटा उंच धरला. मी पहिल्या रांगेत छाती काढून बसलो होतो.

"बघा, किती गोंधळलेला, किती बावळट चेहरा!" बाई कौतुकानं म्हणाल्या. "शुभांगी, हा भाव तुला साधला कसा गं?"

शुभीनं माझ्याकडं बोट केलं.

"साधला न्हाई बाई. घरचाच हाय."