कुणाचं तरी करायचंय

लाँड्रीच्या मागच्या खोलीत, इस्त्रीच्या वाफेत बसून त्या लोकांचे कपडे रफू करायच्या. सगळे त्यांना रफूवाल्या बाईच म्हणत. कोटाला पडलेलं भोक त्यांच्या हाताखालून गेलं की कोटाच्या मालकालाही सापडत नसे. हात चालायचा तशी तोंडाची टकळीही चालायची. पण नवऱ्याच्या डोक्यात गाठ निघाली आणि टकळी बंद पडली.

दुखणं वर्षभर चाललं. भरवणं, पुसणं, कूस बदलणं, सगळं बाईंनी एकटीनं केलं. लेकीला त्याच्या खोलीकडे फिरकू दिलं नाही. मग तो गेला. बाईंना रडूसुद्धा आलं नाही, खांदे तेवढे दुखत राहिले.

काही महिन्यांनी शेंगा सोलता सोलता लेकीनं विषय काढला.

"आई, आपण हॅमस्टर पाळू या का?"

"ते काय असतं?"

"उंदरासारखंच, पण गुबगुबीत. पिंजऱ्यात राहतं. माझ्या मैत्रिणीकडे आहे."

नणंद आली होती, ती म्हणाली, "लोक उंदीर घालवायला मांजर पाळतात. तुम्ही उंदीरच पाळायला निघालात होय?"

तिघी हसल्या. त्या घरात कित्येक दिवसांनी कुणी हसलं होतं. लगेच नाही म्हणणं बाईंच्या जिवावर आलं. "बघू," त्या म्हणाल्या.

कामावरून येताना त्या पाळीव प्राण्यांच्या दुकानात डोकावल्या. हॅमस्टर भुश्शात अंगाचा गोळा करून झोपला होता. किती जगतो, असं त्यांनी विचारलं.

"दोन वर्षं. फार तर अडीच," दुकानदार म्हणाला.

घरी येऊन त्यांनी लेकीला सांगून टाकलं, "नको. आज आणायचं आणि उद्या त्याच्यासाठी रडत बसायचं."

"मी नाही रडणार."

"त्याचं खाणं, त्याची घाण, कोण बघणार? मला आता कुणाचं काही करायचं नाहीये. विटले मी." बोलून गेल्या आणि त्यांनी जीभ चावली.

लेक म्हणाली, "तू नकोच करूस. मी करीन. बाबांचं तू मला काही करू दिलं नाहीस. साधं पाणीसुद्धा पाजू दिलं नाहीस."

"तू लहान होतीस गं."

"पाणी पाजण्याइतकी मोठी होते."

पोरीला झळ लागू नये म्हणून बाईंनी केलं होतं सगळं. ती बाहेर ताटकळत राहिली होती, हे ध्यानातच आलं नव्हतं.

रविवारी दोघी जाऊन हॅमस्टर घेऊन आल्या. पहिल्याच दिवशी तो लेकीच्या बोटाला कडकडून चावला. तिनं बोट धुतलं आणि पुन्हा पिंजरा साफ करायला बसली. बाई शेजारी बसल्या, पण हात लावला नाही.

हळूहळू ते रोजचंच झालं. पिंजरा पुसता पुसता लेक एकेक विचारायची. बाबांना दुखायचं का? जेवायचे का? बाई जमेल तसं सांगायच्या.

एकदा तिनं विचारलं, "माझी आठवण काढायचे?"

हो म्हणणं सोपं होतं. "आधी खूप काढायचे," बाई म्हणाल्या. "शेवटी शेवटी नाही. शेवटी मीसुद्धा त्यांना ओळखू येत नव्हते."

लेकीनं मान हलवली. ओला भुसा कागदात गुंडाळताना तिचे डोळे वाहू लागले, आणि तिच्यामागोमाग बाईंचेही. दोघींपैकी कुणी उठून गेलं नाही.