येतो म्हणून गेलेला माणूस

दूध वर यायच्या बेतात होतं, ह्यांचा एक मोजा सापडत नव्हता आणि बाहेर इतकं दाट धुकं होतं, की समोरचं घर कुणीतरी खोडरबरानं पुसायला घेऊन अर्धवट सोडल्यासारखं दिसत होतं. तेवढ्यात दार वाजलं. आमच्याकडे घंटा आहे. ओळखीचा माणूस ती वाजवतो आणि फारच ओळखीचा असला तर दार ढकलून थेट ओट्यापाशी येतो. ही टकटक मात्र वेगळीच होती, दाराला लागू नये अशा बेतानं केलेली.

"बघ गं, मोजा आला असेल," हे आतून म्हणाले.

दारात एक परदेशी बाई उभी होती. माझ्याहून थोडी मोठी असेल. डोक्यावर निळी लोकरीची टोपी, टोपीच्या लवीवर धुक्याचे बारीक थेंब, पाठीला पिशवी. ती आपल्या भाषेत काहीतरी बोलली आणि तिनं हातातला फोन माझ्यापुढे धरला. मग फोन मराठीत बोलला. आयुष्यात कधीच राग न आलेल्या एखाद्या बाईचा असावा, असा त्याचा आवाज होता.

"सुप्रभात. तो म्हणाला मी येत आहे. मी वाट पाहिली आहे. तो कुठे येत आहे?"

"कोण तो?" मी विचारलं.

तिनं माझा हात हलकेच धरला, मला कठड्यापाशी नेलं आणि खाली बोट दाखवलं. जिन्याशेजारी आलोचभाऊजींची टॅक्सी उभी होती. सीटची कव्हरं काढलेली, त्यामुळे अंघोळीला बसवलेल्या मुलासारखी उघडी आणि संकोचलेली.

आलोच हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. ते लायसनवर असेल. पण गाडी कुठेही असो, फोनवर "आलोच!" म्हणायची त्यांची जुनी खोड. पार गावाच्या दुसऱ्या टोकाला चहा पीत असले तरी "आलोच!" नाव ठेवलं ते त्यांच्याच बायकोनं. संध्याकाळी दारात उभी राहून ती मला वर विचारायची, "वहिनी, आमचे आलोच दिसतायत का हो कुठे वळणावर?" ती गेली त्याला आता बरीच वर्षं झाली. नाव राहिलं. जिन्याखालच्या एका खोलीत भाऊजी एकटेच राहतात. खिडकीच्या गजाला दाढीचा आरसा, ओट्यावर पालथा घातलेला एक कप, आणि टॅक्सीत तिनंच पडद्याच्या उरलेल्या कापडाची शिवलेली फुलाफुलांची कव्हरं. ती ते स्वतःच्या हातानं धुतात, धोब्याकडे देत नाहीत. रोज सकाळी खोलीला कुलूप लावताना ते मोठ्यानं "येतो" म्हणतात आणि निघतात. आमच्या घरात त्यावरून थट्टा चालायची. हे म्हणायचे, "बघ, कुलपाची परवानगी घेऊन निघाले."

पूर्वी ते स्टेशनाबाहेरच्या स्टँडवर गाडी लावत. आता स्टँडच राहिला नाही. हात दाखवून टॅक्सी थांबवणारं माणूस मी शेवटचं कधी पाहिलं ते मला आठवत नाही. सगळे मान खाली घालून बोटानं गाडी बोलावतात. भाऊजींच्या पुतणीनं त्यांच्या फोनमध्ये ते अॅप घालून दिलं, खोलीच्या दाराशी उभं करून त्यांचा फोटो काढला आणि भाऊजी परदेशी पाहुण्यांचे टॅक्सीवाले झाले. आमच्या गल्लीच्या टोकाला एक लहानसं गेस्टहाऊस आहे ना, त्यामुळे.

सगळं सुरळीत चाललं होतं. मग एका दुपारी ते फोन घेऊन वर आले.

"वहिनी, हे जरा वाचा. माझ्या डोळ्यांची चूक आहे की त्यांच्या डोक्याची?"

अॅपच्या ऑफिसचा निरोप होता. 'प्रवाशांना दिलेला शब्द आपण पाळत नाही, अशा तक्रारी आल्या आहेत. पुन्हा तक्रार आल्यास आपलं खातं बंद करण्यात येईल.' तक्रार करणारे सगळे परदेशी.

"मी कुणाला शब्द दिला, वहिनी? त्यांचा एक शब्द मला कळत नाही, माझा एक त्यांना कळत नाही. मग दिला कधी?"

मलाही काही उमगलं नाही. "जरा जास्तच गोड वागा," एवढं मी सुचवलं. त्या दिवसापासून भाऊजी खाली उतरून दार उघडायला लागले, सामान पायरीवर नेऊन ठेवायला लागले, आणि निरोप घेताना पाहुण्यांच्या फोनजवळ तोंड नेऊन, छातीवर हात ठेवून, अगदी स्पष्ट बोलायला लागले. तरी धाकधूक होतीच. खातं बंद झालं तर गाडी कुणासाठी पुसायची, असं ते एकदा चाक पुसता पुसता म्हणाले होते. मला म्हणाले की चाकाला, कोण जाणे.

आणि आता ही बाई माझ्या दारात उभी होती.

मी तिला आत घेतलं. दूध तेवढ्यात उतू गेलंच. ह्यांनी गॅस बंद केला आणि एका पायात मोजा घालून ते आमच्यात येऊन बसले. बाईनं फोन टेबलावर मधोमध ठेवला. ती बोलायची, मग फोन बोलायचा, मग आम्ही तिघं त्याच्याकडे बघायचो. त्या धुक्याच्या उजेडात ते सगळं खरं वाटतच नव्हतं. घरात चौथं कुणीतरी आहे, त्याला दोन्हीकडचं कळतं आणि तरीही कळत नाही, असं काहीसं वाटत होतं.

काल संध्याकाळी भाऊजींनी तिला स्टेशनवरून आणलं होतं. ती या देशात पहिल्यांदाच आलेली. स्टेशनबाहेर उभी राहिली तेव्हा तिला इथली एकही पाटी वाचता येत नव्हती. फोनच्या नकाशावर ती स्वतः म्हणजे एक निळा ठिपका आणि तिच्याकडे सरकत येणारी एक इवलीशी गाडी. "त्या सर्व शहरात फक्त ती गाडी माझ्याकडे तोंड करून होती," फोन म्हणाला. पहिल्यांदा निरोप आला, 'मी आलो आहे.' ती सामान घेऊन धावत बाहेर आली, तर रस्ता रिकामा. मग बऱ्याच वेळानं गाडी खरोखरच आली.

"आलोच!" हे आणि मी एकदमच म्हणालो.

वाटेत भाऊजींनी फोनमधून तिला गावाबाहेरच्या तळ्याबद्दल सांगितलं. सकाळी धुक्यात पाणी दिसत नाही, पण पाण्यावरचे पक्षी ऐकू येतात. तिला ते फार आवडलं. गेस्टहाऊसपाशी त्यांनी पिशवी उतरवली, छातीवर हात ठेवला आणि काहीतरी म्हणून ते निघून गेले.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

फोनला न विचारता तिनं स्वतःच करून दाखवलं. उठून उभी राहिली, छातीवर हात ठेवला, थोडी वाकली आणि सावकाश म्हणाली, "ये... तो."

मी तोंडावर हात ठेवला. हसू येत होतं, पण तिच्या टोपीवरचे थेंब बघून ते बाहेर पडेना. फोननं तिला सांगितलं होतं, मी येत आहे. काल ती गेस्टहाऊसच्या पायरीवर बसून राहिली. वाटलं, काहीतरी आणायला गेला असेल. अंधार पडला तसं मालकीणबाईंनी तिला आत नेलं. मग तिच्या मनात आलं, सकाळी येणार असेल, तळ्यावर न्यायला. सकाळी ती तयार होऊन उभी राहिली. नकाशावर दुसऱ्या गाड्या मुंग्यांसारख्या फिरत होत्या, तिनं एकही बोलावली नाही. मग धुक्यातून चालत निघाली, तर आमच्या जिन्यापाशी तोच नंबर दिसला. खालची खोली वाजवली, उत्तर नाही. म्हणून वर आली.

"तो येत आहे म्हणाला. तर मी दुसऱ्याला कसे बोलवू?" फोन म्हणाला. आणि मग, त्याच शांत आवाजात, "माझ्यासाठी प्रवास संपला नाही. म्हणून मी चांदण्या दिल्या नाहीत."

तिनं ते पान उघडून दाखवलं. पाच रिकाम्या चांदण्या, आणि खाली तक्रार लिहायची मोकळी चौकट. तिचं बोट मध्येच थांबलेलं होतं, कुठे टेकावं हे न कळल्यासारखं.

तेवढ्यात गच्चीवरून रिकामी बादली वाजवत भाऊजी उतरले. कव्हरं वाळत घालून येत होते. उघड्या दारातून त्यांना निळी टोपी दिसली आणि ते उंबऱ्यातच थबकले.

"अहो, या तर कालच्या!" त्यांचा चेहरा उतरला. "आता काय केलं मी?"

"भाऊजी, काल जाताना यांना काय म्हणालात?"

"काय म्हणणार? येतो म्हणालो."

"आणि?"

"आणि गेलो."

"यांच्या फोननं यांना सांगितलं, तुम्ही येताय. या कालपासून तुमची वाट बघतायत."

"असं कसं? येतो म्हटलं की माणूस जातोच ना!" भाऊजी म्हणाले. आणि मग त्यांचं त्यांनाच ते ऐकू आलं असावं. बादली खाली ठेवून ते पायरीवर बसले.

मला वाटलं, आता खात्याबद्दल विचारतील. पण ते म्हणाले, "म्हणजे ते सगळेच थांबले असतील, वहिनी? ते म्हातारं जोडपं, मोठ्या बॅगांचं. तो उंच मुलगा, म्युझियमच्या फाटकाशी सोडलेला. मी आणखी स्पष्ट म्हणायला लागलो हो, फोनजवळ जाऊन. कुठे कुठे उभे राहिले असतील!"

बाहेर धुकं हलत होतं. क्षणभर मलाही ते दिसले, गावाच्या कोपऱ्याकोपऱ्यावर, हातात उजळलेले फोन घेऊन, आमच्या भाऊजींच्या वळणाकडे बघत उभे असलेले सगळे.

मी फोनशी बोलले. "आमच्यात निघताना येतो म्हणतात. जातो म्हणत नाहीत. परत भेट व्हावी म्हणून."

बाईनं ऐकलं, कपाळाला आठी घातली, आणि फोननं विचारलं, "मग खरोखर येताना काय म्हणतात?"

"आलोच!" भाऊजी पायरीवरून म्हणाले.

"तेही न येता!" हे म्हणाले. बाईला किती कळलं देव जाणे, पण ती मोठ्यानं हसली, आणि ती हसली तसे आम्हीही सुटलो.

मग माझी शिकवणी सुरू झाली. "भाऊजी, परदेशी पाहुण्यांना जातो म्हणा."

"छे! जातो म्हणून काय कुणाच्या दारातून निघायचं? भांडून निघाल्यासारखं. जीभ वळायची नाही."

"बरं, निघतो म्हणा. त्यात वाईट काही नाही."

"निघतो." त्यांनी घसा साफ केला. "बरं का बाई, निघतो. निघतो हं... येतो."

"आलं परत शेपूट," हे म्हणाले.

कव्हरं ओली होती, म्हणून मी सीटवर घालायला जुनी चादर दिली. भाऊजींनी टॅक्सीचं दार उघडलं. तळ्यावर धुकं अजून असेल, घाई केली तर पक्षी सापडतील, असं ते फोनला सांगत होते. बाई गाडीत बसता बसता थांबली, वळली, वर माझ्याकडे बघून तिनं छातीवर हात ठेवला आणि म्हणाली, "येतो!"

येते म्हणा, असं सांगायला हवं होतं. पण इतक्या मनापासून म्हटलेल्या शब्दाला कुठे टाचणी लावायची? सवयीनं माझ्या तोंडून निघालं, "या!"

भाऊजींचा हात दारावरच राहिला. त्यांनी वर पाहिलं, माझ्याकडे की माझ्या मागच्या कशाकडे, ते मला कळलं नाही. मग गाडी निघाली आणि थोड्याच अंतरावर धुक्यानं ती पुसून टाकली.

दुपार कलताना ते वर आले. या वेळी घंटा वाजली. फोन पुढे केला. पाचही चांदण्या पेटल्या होत्या. खाली बाईनं दोन ओळी लिहिल्या होत्या, त्या मराठीत अशा उमटल्या होत्या: 'हा माणूस जाताना येतो. याची वाट पाहू नका, याला पुन्हा बोलवा.' आम्ही तिघं त्या ओळींवर पोटभर हसलो.

"तळ्यावर काही दिसलं का?" मी विचारलं.

"काही म्हणजे काही नाही. नुसता पक्ष्यांचा आवाज. ती डोळे मिटून बसली होती. मीही बसलो. सोडताना निघतो म्हणालो, वहिनी. नीट म्हणालो. तिनं मान हलवली आणि आत गेली. कुणी थांबलं नाही."

"मग झालं तर. सुटलात."

"हो. आता तसंच म्हणत जाईन सगळ्यांना."

पण ते जाईनात. कठड्यापाशी उभं राहून खाली आपल्या कुलपाकडे बघत राहिले. गच्चीवर वाळत घातलेली फुलाफुलांची कव्हरं वाऱ्यानं फुगत होती, त्यांची सावली जिन्यावरून हलत होती.

"चहा टाकू?" मी म्हटलं.

"नको. एक सांगायचं होतं. सकाळी खोलीतून निघताना मी येतो म्हणतो. तुम्हाला ऐकू जातच असेल."

ह्यांनी वर्तमानपत्र जरा वर धरलं.

"ती असताना आतून या म्हणायची. हात ओले असले तरी दारापर्यंत यायची, पण या म्हणायचीच. बाहेर मी निघतो म्हणेन, काही अडत नाही. घरातून निघताना तेवढं जमायचं नाही. तर उद्यापासून मी खालून येतो म्हटलं की, वहिनी, तुम्ही वरून 'या' म्हणा."