एका गाडीला दोन कंडक्टर

"भाऊ, एकच सांगा. हिचं फुकटचं ठिवायचं का माजं इकतचं?"

अवसरी खुर्दला साळवे तात्यांच्या घरी मी अजून नीट टेकलोही नव्हतो. तात्या एसटीतून कंडक्टर म्हणून रिटायर झालेले. मुलगी सुजाता पुण्यात कॉम्प्युटरचा डिप्लोमा करत होती. बापलेकीचं भांडण होतं अँटीव्हायरसवरून. व्हायरस म्हणजे कॉम्प्युटरमध्ये चोरून शिरणारे उपद्रवी प्रोग्रॅम, आणि अँटीव्हायरस म्हणजे त्यांना पकडणारा प्रोग्रॅम. सुजाताने मासिकाबरोबर आलेल्या सीडीवरून फुकटचा टाकला होता. तात्यांची सगळी नोकरी फुकटे प्रवासी उतरवण्यात गेलेली. फुकट या शब्दावरच त्यांचा राग. त्यांनी माझ्या मंचरच्या दुकानातून विकतचा आणला आणि पहिला न काढताच वर चढवला.

विकणारा मीच, त्यामुळे न्याय कसा करावा ही माझी पंचाईत.

"ते नंतर ठरवा हो," सुजाता रडकुंडीला आली होती. "दादा, माझा प्रोजेक्ट उघडत नाहीये. उद्या सबमिशन आहे."

"कॉपी आहे का कुठं?"

"सीडी आज काढणार होते."

लोकांच्या सगळ्या कॉप्या आजच काढायच्या असतात. पण पोरीची अख्ख्या टर्मची मेहनत त्यात होती, आणि खरं सांगायचं तर मलाही धाकधूक वाटायला लागली होती.

कॉम्प्युटर सुरू केला. तो सुरू होईपर्यंत माझा चहा पिऊन झाला. एका अँटीव्हायरसने कुठलीही फाइल तपासायला घेतली की दुसरा लगेच आडवा येत होता.

"तात्या, एका गाडीत दोन कंडक्टर असले तर?"

"आसं कुटं आसतंय व्हय?"

"एक सिंगल बेल मारतो, थांब म्हणून. दुसरा डबल बेल मारतो, चल म्हणून. वर एकमेकांकडंच तिकीट मागतात."

तात्यांनी स्क्रीनकडे रोखून पाहिलं. "मंग डायवर खाली उतरून बिडीच वढंल की राव!"

मी फुकटचा काढला. तात्या लगेच मिशीवरून हात फिरवायला लागले. विकतचा ठेवला कारण त्याचे पैसे जाऊन बसले होते, बाकी काही नाही. त्याच्याकडून सगळा कॉम्प्युटर तपासून घेतला. निकाल आला, व्हायरस नाही.

"बगा!" तात्या म्हणाले.

बघितलं. प्रोजेक्टच्या जागी त्याच नावाचं, तसंच पिवळं फोल्डर दिसत होतं, पण ते फोल्डर नव्हतंच. सोंग घेतलेला व्हायरस होता. मैत्रिणीच्या पेन ड्राइव्हमधून आलेला. आमच्या विकतच्या पहारेकऱ्याने त्याला रामराम करून आत घेतलं होतं.

मी अपडेटची तारीख पाहिली. टाकल्या दिवसापासून एकदाही अपडेट नाही.

"तात्या, खोटे पास निघाले की डेपोतून नोटीस यायची ना तुम्हाला?"

"यायची की. त्याबिगार वळखनार कसं?"

"अपडेट म्हणजे ती नोटीस. ती इंटरनेटवरून येते. तुमच्या कंडक्टरला एकही मिळालेली नाही. नेट का लावत नाही?"

सुजाताने कोपऱ्याकडे बोट केलं. तिथे फोन लाकडी पेटीत, पेटीला पितळी कुलूप. किल्ली तात्यांच्या करगोट्याला. तेव्हा नेट फोनच्या लाइनवरून लागायचं आणि एकदा बिल असं आलं होतं की तात्या दोन दिवस कुणाशी बोलले नव्हते.

"कुलूप काढा, तात्या."

"मीटर पळतंय हो, भाऊ."

"तात्या, माझं वर्ष जाईल," सुजाता म्हणाली.

तात्या उठले, पाठ फिरवून किल्ली काढली आणि पेटी उघडली.

फोनची लाइन लावताच मॉडेम किंचाळला. अपडेट उतरायला लागलं, घाट चढणाऱ्या भरल्या गाडीसारखं. तात्या शेजारी पाट घेऊन बसले आणि फोनवरची नजर काढेनात. अपडेट संपल्यावर पुन्हा तपासणी केली. या वेळी व्हायरस पहिल्याच फेरीत सापडला. खरं फोल्डर त्याने पुसलं नव्हतं, फक्त लपवलं होतं. मी एक कमांड दिली आणि ते बाहेर आलं.

सुजाताने प्रोजेक्ट उघडला. एसटीच्या रिझर्वेशनचा प्रोग्रॅम होता. पहिल्याच पानावर नमुन्याची गाडी, मंचर ते आहुपे. खाली कंडक्टर: द. भि. साळवे.

तात्यांनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. "बिल्ला नंबर बी बराबर घातलाय गं," म्हणाले, आणि पाणी प्यायला म्हणून आत गेले ते बराच वेळ बाहेर आले नाहीत. मलाही उगीच स्क्रू आवळत बसावं लागलं.

सुजाता चांगल्या मार्कांनी पास झाली. तात्या दर रविवारी स्वतः नेट लावून अपडेट करायला लागले. वर्षाने विकतच्याची मुदत संपली तेव्हा ते दुकानात आले. मी लगबगीने नवा बॉक्स पुढे केला.

"ऱ्हाऊ द्या, भाऊ. फुकटचाच टाकला आमी. घरच्या वापराला बास हाय. नोटीस येळेवर भेटली म्हंजी झालं. तुमीच म्हनला व्हता."

मग खिशातून ते पितळी कुलूप काढून काउंटरवर ठेवलं. "ह्ये आता घरात काय कामाचं न्हाई. तुमाला व्हईल."

फुकटचा की विकतचा, हा प्रश्न नंतरचा. आधी अपडेट. आणि दुकानदाराने गिऱ्हाइकाला समजावताना थोडं हातचं राखावं. तो बॉक्स मी खणात टाकला आणि खणाला तेच कुलूप लावलं.