ताईचा राहिलेला अध्याय

ताईच्या लग्नात आईने रुखवतावर स्वतःच्या पोथीसारखीच दुसरी पोथी ठेवली. आई नांदेडला, ताई लातूरकडच्या सासरच्या गावी. दोघींनी रोज सकाळी आंघोळीनंतर एकच अध्याय वाचायचा, असं ठरलं. पोथी संपली की पुन्हा पहिल्यापासून. एकीचं वाचन चुकलं तर तिने नंतर दोन-दोन अध्याय वाचून दुसरीला गाठायचं. ताई माहेरी आली की आई दारातच विचारायची, "कितवा?"

"तू सांग आधी. तूच मागं राहतीस."

भूकंप झाला त्या पहाटे नांदेडलाही मांडणीतली भांडी वाजली. आम्ही अंगणात जाऊन उभे राहिलो, मग आत आलो. उजाडल्यावर आईने आंघोळ केली आणि त्या दिवसाचा अध्याय वाचला. त्यानंतर रेडिओवर गावांची नावं यायला लागली.

ताईचं घर दगड-मातीचं होतं. त्यातलं कुणी वाचलं नाही. बाबा जाऊन आले आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. मी याद्या करून चादरी, भांडी, औषधं मदतीच्या ट्रकमध्ये भरत राहिले. हात रिकामे ठेवणं मला जमत नव्हतं.

सुतक फिटल्यावर आईने पोथी उघडली आणि भूकंपाच्या दिवशीचाच अध्याय काढला. दुसऱ्या दिवशीही तोच.

"अगं, हा झालाय तुझा," बाबा म्हणाले.

"माझा झालाय. तिचा राहिलाय."

नातेवाइकांनी एका महाराजांना घरी आणलं. ते समजुतीने म्हणाले, "माय, देवाच्या मनातलं आपल्याला कळत नसतं. आता पुढं चला."

"तुम्ही व्हा पुढं," आई म्हणाली. "चहा तेवढा घेऊन जा."

बाबा गेल्यावर मी आईला लातूरला माझ्याकडे आणलं. तोवर शहरभर शिकवण्यांच्या पाट्या लागल्या होत्या. वरच्या खोल्या मी शिकायला आलेल्या मुलींना दिल्या होत्या. पाणी, डबा, अभ्यास, सगळ्याच्या वेळा मी जिन्यात लिहून लावलेल्या. आईचा अध्याय ऐकून ऐकून त्या मुलींनाही पाठ झाला होता.

एकदा मेथी निवडता निवडता माझा धीर सुटला. "आई, पोथी कधीतरी पुरी करायची की नाही? पुढं काय आहे ते वाचायला नको?"

"पुढचं पाठ हाय मला. शेवटी सगळ्यांचं भलंच होतं. मला इथंच विचारायचंय त्याला."

"मग सांगितलं का त्यानं?"

"न्हाई."

"तरी विचारतेस?"

"दुसऱ्या कुणाला विचारू?" तिने एक पिवळं पान बाजूला काढलं. "अजून खोटं बोलला न्हाई माझ्याशी. गप हाय, एवढंच."

मागच्या वर्षी आई गेली. पोथी गोदावरीत सोडावी, असं मामी म्हणाली. मीही कपडे, कागदपत्रं आणि पोथी एकाच दिवसात मार्गी लावायचं ठरवलं होतं. पण सुतक फिटलं त्या सकाळी आंघोळ करून पोथीपुढे बसले. आईचा अध्याय वाचला, ताईच्या नावाने. मग पान उलटलं.

पुढच्या अध्यायात संकटात सापडलेल्या भक्ताकडे देव वेळेवर धावून येतो. वाचता वाचता मला त्या देवाचा भयंकर राग आला. माझा आवाज इतका चढला की मुली जिन्यात येऊन उभ्या राहिल्या. तरी अध्याय शेवटपर्यंत वाचला. उत्तर त्यातही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्याच्या पुढचा काढला.